हिंगाच्या वासाची गळती

मला उंचीची भीती वाटते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण गेली कित्येक वर्षं मी लोकांच्या घरांच्या छपरांवर चढून पोट भरतो आहे, आणि नोव्हाय या गावच्या मराठी मंडळींत माझी ओळख 'छपरावरचा सतीश' अशीच आहे. माझी बायको मेधा म्हणते, स्टुलावर चढून बल्ब बदलताना ज्याचे पाय लटपटतात त्याला लोक मुद्दाम बोलावून शिडीवर चढवतात, हे फक्त अमेरिकेतच घडू शकतं.

मुळात मी मोटारींचा इंजिनिअर. मोटारीच्या दाराभोवती जी काळी रबरी पट्टी असते, ती सुधारण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. पाणी आत येऊ द्यायचं नाही, एवढंच त्या पट्टीचं काम. मग एके दिवशी कंपनीच्या लक्षात आलं, की माझ्याशिवायही पाणी बाहेरच राहतं. नोकरी गेली. पन्नाशीच्या माणसाशी इंटरव्ह्यूत सगळे फार आदराने बोलतात आणि नंतर फोन करत नाहीत. तेव्हा मी घर तपासणीचा कोर्स केला. इथे घर विकत घेण्याआधी तपासनीस बोलावतात. तो तळघरापासून छपरापर्यंत सगळं पाहून काय धड आहे आणि काय मोडकं आहे ते सांगतो. मला वाटलं होतं, बरंचसं काम तळघरातच असेल.

पहिल्याच आठवड्यात एका उतरत्या, उंच छपरावर चढलो. चढताना डोळ्यांसमोर छप्पर असतं म्हणून जमून जातं. उतरताना मात्र पाठमोरं व्हायचं आणि मागे कुठेतरी शिडी आहे यावर विश्वास ठेवून हवेत पाय टाकायचा. तो विश्वास माझ्यात नव्हता. मी छपराच्या माथ्यावर घोड्यावर बसल्यासारखा दोन्हीकडे पाय टाकून बसलो. खालून घरमालकाने विचारलं, "एव्हरीथिंग ओके?" मी म्हटलं, बारकाईने निरीक्षण चाललंय. बराच वेळ मी निरीक्षण केलं. आजूबाजूची सगळी छपरं पाहून झाली. शेवटी बसल्या बसल्या घसरत, पँटची वाट लावून, खाली आलो. त्या गृहस्थाने चारचौघांत सांगितलं, की इतका कसून तपासणारा माणूस आजवर पाहिला नाही. माझं नाव झालं ते असं.

पुढे रबरी तळव्यांचे बूट आले, कमरेला बांधायचा पट्टा आला, आणि भीती लपवायची सवयही झाली. भीती मात्र आहे तिथेच आहे.

आता थोडं छपराविषयी. आपल्याकडच्यासारखा इथल्या घरांना स्लॅब नसतो. लाकडी सांगाडा, त्यावर लाकडी तक्ते, त्यावर एक जाड कागद आणि सगळ्यांत वर शिंगल. शिंगल म्हणजे काचेच्या धाग्यांची पातळ चटई डांबरात बुडवून काढलेली आणि वरून बारीक खडी चिकटवलेली पट्टी. दिसायला करडी, हाताला पॉलिश पेपरसारखी खरखरीत. कौलं रचतात तशा या पट्ट्या खालून वर ठोकत न्यायच्या, म्हणजे खालच्या पट्टीचे खिळे वरच्या पट्टीखाली झाकले जातात. मग ऊन तापलं, की आतलं डांबर जरासं पाघळतं आणि पट्ट्या एकमेकींना घट्ट धरतात. नीट बसवलेलं आणि नीट सांभाळलेलं छप्पर वीस-पंचवीस वर्षं सहज काढतं.

सांभाळायचं म्हणजे फार काही करायचं नसतं. खरं तर बऱ्याच गोष्टी न करणं, हीच त्याची निगा. कडेच्या पन्हळी पानांनी तुंबू द्यायच्या नाहीत, झाडाच्या फांद्या घासू द्यायच्या नाहीत, वादळानंतर खाली उभं राहून एखादी पट्टी उचकटली का ते पाहायचं. भर उन्हात वर चालायचं नाही, कारण मऊ झालेलं डांबर बुटाखाली सरकतं. आणि एक लक्षात ठेवायचं, की छप्पर मधोमध सहसा गळत नाही. जिथे त्याला भोक पाडलेलं असतं तिथे ते गळतं. चिमणीच्या कडेला, बाथरूमचं नळकांडं बाहेर येतं तिथे, एखाद्या वर आलेल्या खिळ्याशी. शिवाय छपराला श्वास लागतो. वळचणीतून थंड हवा आत शिरावी आणि माथ्याच्या फटीतून बाहेर पडावी, अशी सोय केलेली असते. ती बुजली की आतल्या आत दमटपणा साचतो.

हे सगळं मी मंडळाच्या गणपतीत दर वर्षी कुणाला ना कुणाला समजावून सांगतो. लोक मान डोलावतात आणि प्रसादाकडे वळतात. आपली माणसं घर घेताना दरवाजा पूर्वेला आहे का ते पाहतील, देवघर कुठे बसेल ते पाहतील, कट्ट्याचा ग्रॅनाइट नखाने खरवडून पाहतील. वर मान करून कुणी पाहत नाही. आपल्या डोक्यात अजून गच्चीच आहे. गच्ची काय, झाडली की झालं.

एका सॉफ्टवेअरवाल्याचे साताऱ्याचे वडील सहा महिन्यांसाठी आले होते. पोरगा आणि सून ऑफिसात, घरी करायला काम नाही, टीव्हीवर इंग्रजी. एके दिवशी त्यांना छपरावर हिरवट शेवाळ दिसलं. बाबा गॅरेजमधून शिडी काढून वर गेले आणि तारेचा ब्रश घेऊन अर्धं छप्पर घासून काढलं. मग फवाऱ्याने धुतलं. मुलाच्या फोनवरून मी पोचलो तेव्हा ते अंगणात काळसर खडीने भरलेल्या बादलीशेजारी उभे होते. "बघा साहेब, किती घाण साठलेली! कुणी कधी हात लावला नसल!"

ती घाण म्हणजे छपराचं कातडं होतं. शिंगलवरची सगळी खडी त्यांनी उतरवली होती. डांबर उघडं पडून चकाकत होतं आणि बाबांना वाटत होतं, नवं कोरं निघालं. मुलगा माझ्याकडे दीनवाण्या नजरेने पाहत होता. म्हणाला, "काका, बोला ना काहीतरी, यार." मी तोंड उघडलं, बाबांच्या सोललेल्या बोटांकडे पाहिलं, आणि म्हणालो, "बाबा, फार कष्ट घेतलेत तुम्ही." नंतर मुलाला बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं. मी निडर तपासनीस आहे असा कुणाचा गैरसमज असेल तर तो इथे दूर व्हावा.

दुसरी आपली खासियत म्हणजे आकाशकंदील. तो उंच दिसला पाहिजे म्हणून एका हौशी गृहस्थाने छपराच्या माथ्यावर लांबच्या लांब स्क्रू पिळून लोखंडी हूक बसवला होता. कंदील सुरेख दिसत होता. पाडव्याला पाऊस पडला आणि फराळाच्या टेबलावर, नेमकं चिवड्यात, पाणी ठिबकलं. लोकांची अशी छपरं दुरुस्त करवताना मी फार शहाणपणा शिकवतो. माझ्या स्वतःच्या गॅरेजचं छप्पर मात्र दोन हिवाळे गळत होतं. मेधाने शेवटी परस्पर दुसरा तपासनीस बोलावला.

पण सांगायचं आहे ते वसुधाकाकूंच्या घराचं. त्या घरात माझी जी फजिती झाली, ती छपरावर झालीच नाही.

वसुधाकाकू मूळच्या नागपूरच्या, इथल्या हॉस्पिटलात आयुष्यभर भूलतज्ज्ञ होत्या. आता ऐंशीच्या घरात आहेत. आम्ही नोव्हायला आलो तेव्हा या गावात वरणभात खायला मिळण्याचं एकच ठिकाण होतं, ते म्हणजे त्यांचं घर. मेधाच्या दोन्ही बाळंतपणांत डबा तिथूनच यायचा. त्यांचे यजमान, आमचे काका, वारले तेव्हा मुलगा सलील दूर दक्षिणेतल्या अल्फारेटाहून आला आणि म्हणाला, आई, आता तू आमच्याकडे चल. तेराव्याला जमलेल्या सगळ्या मंडळींसमोर काकूंनी ठणकावून सांगितलं, "या घरातून मी आडवीच निघेन." काकूंचा शब्द म्हणजे शब्द. पुढची पाच वर्षं सलील दर दिवाळीला विचारायचा आणि काकू दर दिवाळीला नाही म्हणायच्या.

मग एका जानेवारीत डायनिंग टेबलाच्या वर सिलिंगवर पिवळा डाग आला आणि त्यातून ठिबकायला लागलं. सलीलने हे ऐकलं आणि मला फोन केला. तो इथेच जन्मला आणि वाढला. मराठी समजतं, बोलताना इंग्रजीत बोलतो. "सतीशकाका, बी ऑनेस्ट. इफ द रूफ इज गॉन, नो सेन्स पुटिंग अ न्यू वन. वी सेल द हाउस, अँड शी कम्स टू अस."

त्याने काकूंनाही त्याच फोनवर जोडून घेतलं होतं. त्या म्हणाल्या, "ठरलं तर मग. रूफ खराब असेल तर मी जाते. चांगलं असेल तर इथेच राहते. सतीश सांगेल ते मी ऐकेन."

म्हणजे काकूंनी त्या घरात राहायचं की नाही, हे मी ठरवणार होतो. मला किती चढलं म्हणून सांगू! मी तिथल्या तिथे मनात काकूंचा वकील झालो. छप्पर वाचवायचं, म्हणजे काकू वाचल्या. मेधाला म्हटलं, बघ, आयुष्यात एकदा तरी माझ्या कामाचा कुणाला खरा उपयोग होणार आहे. ती म्हणाली, "आधी गळती तर शोध."

काकूंचं घर एकमजली, बसकं. माझ्यासारख्याला देवानेच दिलेलं. पहिल्यांदा गेलो तेव्हा छपरावर बर्फाचा जाड थर होता आणि वळचणीला बर्फाच्या कांड्या लोंबत होत्या. मी खालूनच निदान केलं. इथे हिवाळ्यात असं होतं, की घराच्या उबेने छपरावरचा बर्फ वितळतो, पाणी खाली ओघळतं, कडेला येऊन पुन्हा गोठतं आणि त्याचा बांध तयार होतो. मागचं पाणी मग शिंगलखालून आत घुसतं. मी लांब दांड्याच्या फावड्याने बर्फ ओढायला सुरुवात केली. पहिलाच मोठा गठ्ठा माझ्या डोक्यावर आला. काकू खिडकीतून ओरडल्या, "अरे, काय करून राहिला तू? रूफवरचा बर्फ काढतो आहेस की अंगावर घेतो आहेस?" त्या दिवशी बर्फ निघाला, मी गरम भात-पिठलं खाल्लं आणि सलीलला कळवलं, की प्रॉब्लेम सुटला.

पुढच्या आठवड्यात पुन्हा ठिबकायला लागलं.

दुसऱ्यांदा मी वर चढलो. बाथरूमच्या नळकांड्याभोवती जी रबरी गळपट्टी असते, ती चिरलेली सापडली. रबर म्हणजे तर माझं माहेरच! मी तिचे चहूबाजूंनी फोटो काढले, ऊन आणि थंडीने रबर कसं म्हातारं होतं यावर काकूंना छोटंसं भाषण दिलं आणि ती बदलून घेतली. सलीलला फोटो पाठवले. तो म्हणाला, "ग्रेट, काका." त्याच्या आवाजात फारसा ग्रेटपणा नव्हता, पण मी माझ्याच नादात होतो.

मार्चच्या सुरुवातीला काकूंचा फोन. "सतीश, दोन ऑपरेशनं झाली, पण पेशंटचं ब्लीडिंग थांबत नाहीये. वर बर्फ नाही, पाऊस नाही, आणि तरी ठिबकतंय. तेही जेवायच्या वेळेला."

"काकू, जेवायची वेळ पाहून गळणारं छप्पर मी अजून पाहिलेलं नाही."

"छप्पर म्हणू नकोस रे सारखं. गोठ्याला असतं छप्पर. आणि थट्टा करू नकोस, ये."

मी घाबरलो. मला कारण सापडलं नाही तर सलील म्हणणार, रूफ गेलं, आणि माझ्या नालायकपणामुळे काकूंचं घर जाणार. रात्री झोप लागेना. मेधाने विचारलं, "पोटमाळ्यावर चढून पाहिलंस का?" मी कूस बदलली. शिकाऊ तपासनीससुद्धा गळती आली की आधी पोटमाळ्यात डोकं घालतो. सिलिंग आणि छपराच्या मधली ती जागा, तिथून लाकूड ओलं आहे का ते लगेच दिसतं. मी घातलं नव्हतं, कारण वर जायचं झाकण काकांच्या कपाटाच्या छतात होतं. दोन्ही वेळा मी ते कपाट उघडलं होतं. आत काकांचे कोट, इस्त्रीचे शर्ट, सगळं जिथल्या तिथे टांगलेलं. ते काढा म्हणून काकूंना सांगायची जीभ मला झाली नाही. मी दार लोटून दिलं आणि बाहेरची शिडी धरली. उंचीला भिणारा मी, पण त्या कपाटाला जास्त भ्यालो.

तिसऱ्या खेपेला गेलो तर कपाट रिकामं. कोट नाहीत, शर्ट नाहीत. पॅसेजमध्ये टेप लावलेली खोकी रचलेली. माझ्या कामात अडचण नको म्हणून काकूंनी एकट्याने हे सगळं आवरलं, असं मला वाटलं आणि गलबलून आलं. म्हटलं, आता काही झालं तरी या बाईला हे घर मिळवून द्यायचंच.

वरचं झाकण ढकललं, टॉर्च लावला आणि डोकं आत घातलं. माझ्या पोटात भूक उठली. पोटमाळ्याला कसला वास येतो ते मला पक्कं माहीत आहे. जुनं लाकूड, धूळ, कधी उंदीर. इथे हिंगाचा वास येत होता. हिंग, मोहरी, थोडासा लसूण. टॉर्च वर फिरवला तर तक्त्यांमधून बाहेर आलेल्या खिळ्यांच्या टोकांवर बर्फ धरलेला, आणि तो बर्फ पिवळसर, तेलकट. बरोबर डायनिंग टेबलाच्या वर ऊन लागलेला भाग वितळून थेंब थेंब पडत होता.

तेव्हा उलगडा झाला. इथल्या शेगडीवरचे पंखे नावाचेच असतात, वास घेतात आणि पुन्हा खोलीतच सोडतात. काकूंची फोडणी अशा पंख्याला काय दाद देणार? म्हणून काकांनी खूप वर्षांपूर्वी एक दणकट पंखा बसवून त्याचं नळकांडं पोटमाळ्यातून थेट छपराबाहेर नेलं होतं. घडीच्या त्या नळकांड्याचा एक सांधा टेपने चिकटवलेला होता. टेप वाळून सुटली होती, नळकांडं बाजूला कलंडलं होतं, आणि सगळा हिवाळाभर काकूंच्या वरणाची वाफ पोटमाळ्यात जाऊन गोठत होती. दुपारी ऊन लागलं की ठिबकायची. जेवायच्या वेळेला.

खात्री करायला मी ओरडलो, "काकू, पंखा लावा!" पंखा लागला आणि माझ्या तोंडावर असा गरम झोत आला, की मला ठसका लागला.

खाली उतरून सांगितलं तेव्हा काकू खुर्चीत बसल्या. "ते दर वर्षी दिवाळीच्या आधी वर जायचे. हातात टेप असायची. मला वाटायचं, माझी बडबड चुकवायला जाऊन बसतात."

आता माझी फजिती ऐका. गळतीचा डाग पिवळाच असतो, त्यामुळे रंगावरून मला शंका येणं शक्य नव्हतं हे मान्य. पण वास? मी तीन वेळा त्या डागाखाली खुर्ची ठेवून उभा राहिलो होतो. एकदा तर थेंब बोटावर घेऊन हुंगला होता. कुणी परका तपासनीस असता तर पहिल्याच दिवशी म्हणाला असता, हा कसला विचित्र वास? मला काही विचित्र वाटलंच नाही. काकूंच्या घराला हिंगाचा वास येणारच. तीस वर्षं त्या वासात जेवलेलं नाक, ते काय तपासणी करणार!

मग मी उरलेलं काम नीट केलं. तक्त्यांना स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिला, सगळे टणक. छपरावर जाऊन शिंगलच्या कडा उचलून पाहिल्या, घट्ट बसलेल्या. खडी जागच्या जागी. नळकांड्याला धातूची पक्की पकड बसवली. आणि मग, आयुष्यात इतक्या रुबाबात कधी उभा राहिलो नसेन असा डायनिंग टेबलाशी उभा राहून सलीलला फोन लावला. स्पीकरवर.

"सलील, तुझ्या आईचं रूफ ठणठणीत आहे. गळत नव्हतंच ते. अजून दहा-बारा वर्षं त्याला हात लावायची गरज नाही!"

मग तो म्हणाला, "ओह. ओके. सो... शी कॅन स्टे. दॅट्स गुड न्यूज, आई. यू विन."

काकू म्हणाल्या, "हो." फोन बंद झाला.

मी चहाची वाट पाहत होतो. कौतुकाचीही. काकूंनी चहा टाकला, आणि आधण उकळून उतू जाईपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. मीच पुढे होऊन गॅस बंद केला.

"दहा-बारा वर्षं?" त्यांनी विचारलं.

"किमान, काकू."

"इतकं चांगलं राहायची काय गरज होती रे त्याला?"

मला काही कळेना. मी सांडलेला चहा पुसायला लागलो.

"तळघरात धुणं घेऊन उतरताना मला भीती वाटते," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी पाच वाजता अंधार होतो आणि मग फोनसुद्धा कुणाचा नसतो. मला जायचंय सलीलकडे. दोन वर्षं झाली, मला जायचंय. पण सगळ्या जगासमोर बोलून बसले ना, आडवीच निघेन म्हणून. पाच वर्षं त्या पोराला नाही म्हणत आले. आता कोणत्या तोंडाने हो म्हणू? वाटलं, माझ्याऐवजी रूफच सांगून टाकेल."

ती खोकी माझ्या सोयीसाठी भरलेली नव्हती. मला इतकी लाज वाटली, की त्यापेक्षा छपराच्या माथ्यावर बसून राहणं परवडलं असतं. दोन महिने मी त्या बाईला तिच्याच घरात कोंडायला धडपडत होतो, आणि वर स्वतःची पाठ थोपटत होतो.

"काकू," मी म्हटलं, "मी पुन्हा फोन करतो त्याला. म्हणतो, नीट पाहिलं तर एक-दोन ठिकाणी..."

"खबरदार," काकू म्हणाल्या. एकदम डॉक्टरच झाल्या. "पेशंट धडधाकट असेल तर धडधाकटच सांगायचं. मी जन्मभर तेच केलं."

मग त्यांनी चष्मा पुसला, पदर सारखा केला आणि स्वतःच फोन उचलला. मी बाहेर जायला निघालो, तर हाताने थांब म्हणाल्या.

"आई? व्हॉट हॅपन्ड? इज इट लीकिंग अगेन?"

"नाही. रूफ अगदी छान आहे. घरही छान आहे. मलाही काही झालेलं नाही." काकूंचा आवाज बारीक झाला होता. "सलील, तरी मला तुझ्याकडे यायचंय. येऊ का?"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि जन्मभर आईशी इंग्रजीत बोललेला तो मुलगा मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, "तू येऊ नको, आई. मी येतो. मी येतो तुला घ्यायला."